दोर दे तिने

मोरेश्वर पिलारे बायकोशी प्रेमाने बोलायला लागला, की बायको त्याला दोर आणून द्यायची.

साधा, बैल बांधायचा दोर. तो बिचारा दोर हातात घेऊन क्षणभर तिच्याकडे बघायचा, मग खुंटीला लटकवून कामाला निघून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रेम, पुन्हा दोर. जुना कमी पडत असेल म्हणून ती बाजारातून नवा आणायची. त्या हिवाळ्यात त्यांच्या घरात इतका दोर जमला, की वैनगंगेवर झुलता पूल बांधून उरलेल्यात आरमोरीच्या बाजारातली झाडून सगळी जनावरं बांधता आली असती. यात तिळाएवढी अतिशयोक्ती निघाली तर माझ्या दुकानातली सगळी औषधं मला एकाच घोटात पाजा.

दुकान म्हणजे मेडिकल. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर. त्याला लागून मोरेश्वरचं वेल्डिंगचं शेड. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॉल्या, जे म्हणाल ते जोडून देणारा माणूस. हात असा, की त्याने लावलेला टाका हत्तीला तुटायचा नाही. तोंडाचं मात्र उलटं. दिवसभरात सहा शब्द बोलायचा आणि त्यातले दोन "काऊन?" असायचे.

मग एका एजंटाने त्याला रोमानियात नेलं, जहाजं बांधायच्या कारखान्यात. दोन वर्षं. रोमानिया नेमकं कुठे यावरून चहाच्या टपरीवर दोन तट पडले. एक म्हणे दुबईच्या पुढे, दुसरा म्हणे अमेरिकेच्या अलीकडे. दोघांचंही बरोबर आहे हे अजून कोणी त्यांना सांगितलेलं नाही.

मोरेश्वर परतला तो सहाच्या जागी नऊ शब्द घेऊन. "हो"ला "दा", "नाही"ला "नू". फाटक तयार झालं की हात झटकून म्हणायचा, "गाता!" तिकडे झालं, संपलं, याला गाता म्हणतात म्हणे. एका गिऱ्हाइकाने फाटक बैलगाडीत टाकता टाकता मला हळूच विचारलं, "भाऊ, ह्ये कोनत्या भजनी मंडळात हायेत?"

इथवर ठीक होतं. एक दिवस सुनीतावहिनी, म्हणजे मोरेश्वरची बायको, दुकानात आल्या. आजूबाजूला पाहिलं, पदर तोंडाशी धरला.

"भाऊजी, एनिमा हाये का?"

"कोणासाठी?"

"ह्याईच्यासाठी."

"किती दिवस झाले?"

"दोन मयने."

मी स्टुलावरून पडलो नाही, कारण स्टूल मोरेश्वरने जोडलेलं होतं. दोन महिने! वैद्यकशास्त्रात अशी केस नाही.

"रोज सकाळी माह्याकडं पायतात," वहिनी म्हणाल्या, "अन् मनतात, एनिमा, म्या. एनिमा, म्या. मानसानं एवढं मागावं अन् घरच्या बाईनं आनू नये?"

मी इसबगोलचा डबा दिला. मोरेश्वरने तो आठ दिवस मुकाट्याने घेतला. नवव्या दिवशी मी विचारलं, "कसं आहे पोट?" तो म्हणाला, "पोटाले का झालं? सुनीनं हातानं देल्लं, मनून पेलो." आता या माणसाचं काय करावं?

चहाच्या वेळी तो आणखी काहीतरी म्हणायचा, "ते यूबेस्क". वहिनींना ऐकू यायचं "ते बिस्कूट". त्या पुडाच पुढे ठेवायच्या. मोरेश्वर बिस्किटांवर इतका जाड झाला, की वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढेना. पण वहिनी दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. मला वाटलं, दोर आणून आणून दमल्या असतील.

मग एका सकाळी त्या हातात पिशवी घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसल्या. आरमोरीच्या बसला अर्धा तास होता.

"भावाकडं चालली," म्हणाल्या.

"परत कधी?"

"का माईत बापा."

हे "का माईत" मला आवडलं नाही. मुलगी नागपूरला नर्सिंगला, घरात दोघंच. त्यातलं एक आरमोरीला गेलं, तर उरलेलं एक नऊ शब्दांवर किती दिवस काढणार? मी काउंटरबाहेर आलो. काय झालं ते विचारलं.

"दोर मागतात, दोर देतो. मी नाई मनत नाई. पन दोर देल्ला मी अन् नाव घेतात तिचं!"

"कोणाचं?"

"तेच तं! 'दोर दे, तिने.' ही तिने कोन? तिकडं कोनी तरी भेटली हाये. तिनं दोर देल्ला असन, तो गोड लागला असन. मंग जा ना तिच्याकडंच!"

पुरावा म्हणून त्यांनी मोबाईलवर नवऱ्याचा आवाज भरून आणला होता. मी तो माझ्या मोबाईलमधल्या भाषांतर करणाऱ्या बाईला ऐकवला. आधी बाई म्हणाली, ही भाषा कळली नाही. मग तिला रोमानियन निवडून दिली. मोबाईलमधून मोरेश्वर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "म्ये दोर दे तिने. इनिमा म्या." आणि बाईने स्वच्छ पुणेरी मराठीत सांगितलं, "मला तुझी आठवण येते. माझे हृदय."

मी पायरीवर टुणकन उडी मारली. "सुटलं वहिनी! दोर म्हणजे आठवण. एनिमा म्हणजे काळीज. तुम्ही आठ दिवस त्याच्या काळजाला इसबगोल पाजत होता!"

वहिनींनी बसच्या वाटेकडे पाहिलं.

"आठवन?" त्या म्हणाल्या. "मी तं समोरच बसली असतो. समोरच्या मानसाची आठवन येते का भाऊजी कोनाले? आठवन दूर असते त्याची येते. मनजे तिचीच."

मुद्दा बिनतोड होता. मोबाईलवाल्या बाईलाही विचारून पाहिलं, ती म्हणाली, कृपया पुन्हा बोला.

शेवटी मी भिंतीवर थाप मारून मोरेश्वरला हाक मारली. तो आला. चष्मा कपाळावर अर्धाच चढलेला, हात काळे, समोर बायको आणि पिशवी. त्याचे नऊच्या नऊ शब्द जागच्या जागी वितळले.

"कोन हाये ते तिने?" वहिनींनी विचारलं.

"तिने? तिने मनजे तू."

"मी?"

"तिकडं तूले तिने मनतात."

"अन् ते बिस्कूट मनता तवा?"

"बिस्कूट नाई वो. ते यूबेस्क. त्याच्यातलं 'ते' मनजे बी तूच." यूबेस्क म्हणजे प्रेम करतो, हे मला मोबाईलवाल्या बाईने नंतर सांगितलं.

"'ते' बी मीच, 'तिने' बी मीच?"

"दा," मोरेश्वर म्हणाला.

"आता हे दा कोन?"

"हो! हो मनतो मी!"

स्टँडवरची चार माणसं एव्हाना औषध घेण्याच्या निमित्ताने जमली होती. त्यातला एक म्हणाला, "भाऊ, तुमी नकाशा काढून सांगा."

मोरेश्वरने कोणाकडे पाहिलं नाही. तो पायरीच्या खालच्या टप्प्यावर बसला. बोलायला लागला. मी त्याला अठरा वर्षं ओळखतो, इतकं सलग बोलताना पहिल्यांदा ऐकलं. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये एक म्हातारी सूप वाढायची. तिचा नवरा इटलीत कामाला. रोज दुपारी पातेल्याच्या आडून ती त्याच्याशी फोनवर बोलायची आणि शेवटी हे म्हणायची. मोरेश्वरने तिला खुणेने अर्थ विचारला. तिने छातीवर हात ठेवून दाखवलं. मग तो रोज ताट घेऊन तिथेच उभा राहायचा, पाठ होईपर्यंत.

"तिथून फोन करत व्हते तवा तं कवा नाई मनलं," वहिनी म्हणाल्या. "तवा तं पानी आलं का, धान कापलं का, हेच. अन् मनायचंच व्हतं तं मराठीत काऊन नाई मनलं?"

"मराठीत मनाले जातो," मोरेश्वर म्हणाला, "तं भाजीत मीठ कमी हाये असंच निघते तोंडातून. आपल्या घरातले सारे शब्द उठ, बस, आन, ठेव यातच झिजले. तिकडचे नवे व्हते."

गर्दीतल्या एकाने औषधाची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

"पन आता तं तुमी घरी हाव," वहिनींचा आवाज खाली आला होता. "आता कायची आठवन?"

मोरेश्वर हातावरची काजळी दुसऱ्या हाताने पुसत राहिला. त्याने ती निघत नव्हती, पसरत होती.

"मी आलो तं तू गॅसची टाकी एकटीनं लावून राह्यली. धान तूच इकलं. मोटर बिघडली तं मिस्त्री तूच बलावला. बँकेत तू, रेशनमंदी तू. मी पलंगावर पाव्हन्यासारका बसलो. ताट येते, चहा येते, मांगतलं नाई तरी दोर येते. पैले तू दिवसातून धा डाव मले आवाज देत व्हती. आवो, डब्ब्याचं झाकन निघत नाई. आवो, वरच्या फळीवरचं गंजं काढून द्या. मले राग ये तवा. आता तीन मयने झाले, आवाजच नाई." त्याने पिशवीकडे पाहिलं. "ते जे आवाज देत व्हती ना, तिची आठवन येते. ते बी तूच हायेस. पन दिसत नाई."

आरमोरीची बस स्टँडात शिरली. धूळ आमच्या अंगावरून गेली. कंडक्टर ओरडत होता. वहिनी उठल्या, पदर खोचला, दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"आवो."

मोरेश्वर असा उभा राहिला, जसं कोणी खालून चटका दिला.

"भाऊ इचारन, जावई काऊन नाई आले. चालता का मंग?"

"असाच? हात पाय काळे?"

"असेच चाला. अन् पिशी धरा. जड हाये."

ती पिशवी मी अर्ध्या तासापासून पाहत होतो. वहिनींनी ती करंगळीत अडकवली होती. आत एक लुगडं आणि भावाच्या पोरांसाठी मुरमुऱ्याचा पुडा, एवढंच. वारा आला असता तर पिशवी त्यांच्या आधी आरमोरीला पोचली असती.

मोरेश्वरने ती दोन्ही हातांनी उचलली. पाठीला बाक दिला. बसच्या पायरीवर थांबून दम घेतला.

"हो वो," तो म्हणाला. "लय जड हाये."