गव्याच्या डोळ्यातल्या माशा

एका जंगलात रस्ता नव्हता, दिवा नव्हता, पण प्रधान होता. प्रधान म्हणजे सरडा. काहीही विचारा, मान हलवायचा. म्हणून तर प्रधान झाला. राजा होता गवा, नाव धिप्पाडराव. आणि राजाच्या पाठीवर बसायची चिमाबाई साळुंकी.

पोरांनो, पाठीवर बसायची म्हणून तिला हलकी समजू नका. राजाच्या कानातले गोचीड काढायचे, डोळ्यांभोवतीच्या माशा टिपायच्या, हा मान आजीपासून तिच्या घरात. टिपलं ते खायचं, हाच पगार. साऱ्या राज्यात राजाला इतक्या जवळून पाहणारी ती एकटी, त्यामुळे राजाचं तिला फारसं कौतुक नव्हतं.

तर झालं काय, राजाची दोन्ही मूत्रपिंडं बिघडली. धाकट्या बहिणीने आपलं एक दिलं. भाऊबीजेला भावाने तिच्या ताटात गवताची एक पेंढी टाकली आणि वर सांगितलं, पुरवून खा.

मूत्रपिंड बसवलं पिंगळे डॉक्टरांनी. दिवसा जांभया देणारं पाखरू, पण हात चोख. त्यांनी राजाला नीट समजावलं, की अंगात राखणदार असतात आणि परका दिसला की त्यांना बोलावणारे हाकारे असतात. पुस्तकात या हाकाऱ्यांना सायटोकाइन म्हणतात. बहिणीचं झालं तरी मूत्रपिंड परकंच. हाकाऱ्यांनी बोंब मारली तर राखणदार त्याला शिंगावर घेतील. म्हणून हाकारे गप्प राहतील असा पाला रोज खायचा, आणि दर महिन्याला तपासून घ्यायचं.

राजाने पाला खाल्ला. तपासायला गेला नाही. बरं वाटत होतं ना!

एके सकाळी तो म्हणाला, "चिमे, डाव्या डोळ्यापुढे माशी आहे. टीप."

चिमाबाईने पाहिलं. माशी नव्हती. दुसऱ्या दिवशी राजाला दोन दिसल्या, आठवड्यात थवा. चिमाबाईने पापणीखाली मान घालून पाहिलं, शेपटीपर्यंत चक्कर मारली. एक माशी सापडेल तर शपथ.

"सरकार, जरा आभाळाकडे बघा. कुठे आहे माशी?"

"आभाळात."

"आता खुरांकडे बघा."

"खुरांपाशी."

"माशी तुमच्या नजरेबरोबर फिरते, सरकार. बाहेरची माशी इतकी आज्ञाधारक नसते. डोळ्याच्या आत काहीतरी बिनसलंय. पिंगळ्यांना बोलवा, नाहीतर डोळा जाईल."

दरबाराने डोळा पाहिला. लाल नाही, पाणी नाही, दुखत नाही. इतका शांत डोळा राज्यात दुसरा नसेल, असं ठरलं. प्रधानांनी मान हलवली. राजा म्हणाला, म्हातारीला माशा टिपता येईनात, म्हणून माझ्या डोळ्याला नावं ठेवते. भर दरबारात तिला पाठीवरून उतरवलं.

तिच्या जागी कोतवाल पक्षी आला. काळाभोर, शेपूट दुभंगलेली, बोलणं गोड. पहिल्याच दिवशी हवेत झेप घेतली, चोच मिटली आणि म्हणाला, "खाल्ली, सरकार."

"अजून एक आहे."

"तीही खाल्ली."

दिवसाला चाळीस चाळीस खायचा. गळ्यात पदकं वाढत गेली, पोट खपाटीला गेलं.

चिमाबाईने डोळे पुसत बसायचं सोडून पिंगळ्यांची ढोली गाठली आणि भर दुपारी त्यांना झोपेतून उठवलं. शिव्या ऐकल्या, दोन दिल्या, आणि त्यांना घेऊन आली. राजाने निरोप धाडला, डोळा लाल झाला की या. डॉक्टर समोरच्या फांदीवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी राजाचा पाय प्रधानांच्या शेपटीवर पडला. डाव्या बाजूचं काही दिसतच नव्हतं त्याला. शेपटी तुटली, तशी प्रधानांना वैद्यकाची थोरवी पटली.

पिंगळ्यांनी बाभळीच्या काट्याने डोळ्याच्या आतल्या पाण्याचा थेंब काढला आणि बराच वेळ पाहिला.

"विषाणू आहे. पण जुना, घरातलाच. तुम्ही वासरू होता तेव्हाच आला आणि कोपऱ्यात झोपून राहिला. बहुतेक वासरांत असतो. पाल्याने हाकारे गप्प झाले, तसा उठला आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर जाऊन बसला."

राजाने विचारलं, सगळेच हाकारे कसे गप्प बसले?

"काहींनी हाका मारल्या. पण हाकाऱ्यांचं तोंड दाबायला अंगातच शिपाई ठेवलेले असतात, त्यांनी फार आरडाओरडा करू नये म्हणून. या चोराने उठल्या उठल्या त्या शिपायांनाच जोमाने कामाला लावलं."

"पण डोळा तर शांत आहे."

"ओरडणारं कोणी उरलं नाही, सरकार. म्हणून शांत आहे."

शेजारच्या फांदीवर चिमाबाई होती. ती पंख सावरून राजाचा उजवा डोळा निरखू लागली.

पाला निम्म्यावर आला. काट्याने थेट डोळ्यात औषध घातलं. मूत्रपिंड टिकलं, उजवा डोळा वाचला. डाव्याचा पडदा केव्हाच कुरतडून झाला होता. पंधरा दिवस आधी बोलावलं असतं तर वाचला असता, असं म्हणून पिंगळ्यांनी कोतवालाकडे पाहिलं. कोतवालाने प्रधानांकडे पाहिलं. प्रधानांनी मान हलवली.

आता डाव्या डोळ्यात काळोख. काळोखात माशा कुठल्या दिसणार? राजाने दरबार भरवला आणि राज्यातल्या माशांचा समूळ नाश झाल्याचं जाहीर केलं. कोतवालाला 'मक्षिकांतक' हा किताब मिळाला.

चिमाबाईलाही परत बोलावलं, मागच्या दाराने. कारण मीठ चाटायला जायची वाट कड्याच्या काठाने होती, कडा डाव्या हाताला, आणि राजाच्या मागोमाग सारा कळप चालायचा. त्या कळपात सर्वांत पुढे त्याची बहीण. त्या बाजूच्या शिंगावर बसायला मक्षिकांतक तयार नव्हते.

"सरकार, डावीकडे कडा आहे. आत या."

"मला तर काही दिसत नाही," राजा म्हणाला. "डावीकडे सगळं शांत आहे."

चिमाबाईने त्याचा कान चोचीत धरला आणि जोरात ओढला. राजा आत सरकला. सरकता सरकता बहिणीला म्हणाला, ही म्हातारी अलीकडे फार उर्मट झाली आहे.

तात्पर्य: राजाला नसलेली माशी दिसली, तर ती खाल्ल्याचं सांगावं. डोळा त्याचा जातो, पदक आपल्याला मिळतं. खरं सांगायची खोड असलेल्यांना जन्मभर कड्याच्या बाजूला बसावं लागतं.