कळवतो म्हणाले

मी आणि माझी बायको मनू, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मांडवावरची सुकेळी गुंडाळणं. चटईचं एक टोक तिनं धरलं, दुसरं मी. "नीट धरा, रेड्याचा कान धरल्यासारखं नको," असं म्हणाली. हे काम आम्ही जन्मभर केलेलं. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही असेल असं तेव्हा वाटलं नाही.

सुकेळी ज्यांना ठाऊक नाहीत त्यांना सांगतो. आमच्या वसईकडे राजेळी केळी पिकवतात, सोलतात आणि काठ्यांच्या उंच मांडवावर उन्हात घालतात. दिवसा उलटायची, कावळे हाकलायचे, संध्याकाळी दव पडायच्या आत चटईत गुंडाळायची आणि सकाळी ऊन आलं की परत उघडायची. आठवडाभर हा खेळ चालतो. मग ती मधाच्या रंगाची होतात. पण एक सकाळ उघडायची राहिली तर आंबतात. मग डुकराला घाला.

माझं शिक्षण चौथी. गासला आमची वाडी आहे, केळी आणि फुलं. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण मनू कशी होती हे कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि लोक तिच्याबद्दल जे सांगतात त्यात अर्धं वाढवलेलं असतं. मी न वाढवता सांगतो. तरी तुम्हाला खोटंच वाटेल.

मनूला "बघू" हा शब्द चालत नसे. "बघू", "बघतो", "कळवतो", "जमलं तर येतो", यातलं काहीही कानावर पडलं की ती हातातलं काम खाली ठेवायची. "हो म्हण, नाय तर नाय म्हण. मध्ये लोंबकळू नको." हे तिचं वाक्य. गावातली पोरं तिची नक्कल करायची ती याच वाक्यावर.

एकदा आमच्या वाडीतल्या पंपाची वीज गेली. वायरमन आला, खांबावर चढला, आणि वरूनच म्हणाला, "मावशी, उद्यापरवा बघतो." मनूनं त्याची शिडी काढून घेतली. आडवी ठेवली आणि तिच्यावर बसून वाल सोलायला लागली. तो वरून ओरडतोय, ही खालून विचारतेय, "आज की नाय? एक सांग." तासाभरात पंप सुरू झाला. नंतर त्याला चहा दिला, वर केळ्याची फणी दिली. पुढे तो माणूस आमच्या वाटेनं जाताना सायकलचा वेग वाढवायचा.

गुरुजी भाचीचा मुहूर्त काढायला आले. म्हणाले, हा दिवस मध्यम आहे. "मध्यम म्हणजे काय? आमटी आहे का? चांगला की वाईट?" गुरुजींनी घाबरून चांगला म्हटलं. भाचीचा संसार व्यवस्थित चालला आहे.

मला स्वतःला एकदा छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाला, गोळ्या देतो, मग बघू. मनू त्याला म्हणाली, "हे राहणार की जाणार, तेवढं आत्ता सांगा. घरी घड पिकत घालायचाय." डॉक्टर हसला. ती हसली नाही.

अशा बाईच्या घरात ते उत्तर आलं.

माझी नात केतकी भलती हुशार. मुलगा दिनेश आणि सूनबाई मुंबईला नोकरीला जायची, त्यामुळे पोर आजीच्या पदराखाली वाढली. बारावीला असताना तिनं अमेरिकेतल्या एका फार मोठ्या कॉलेजात अर्ज केला. तिथं जगभरातली पोरं रांग लावतात म्हणे. लवकर अर्ज केला की लवकर उत्तर देतात, म्हणून हिनं दिवाळीच्या सुमारासच पाठवला. डिसेंबरात उत्तर यायचं होतं. त्या दिवशी ती नालासोपाऱ्याला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेली आणि परत आली ती चप्पल न काढता ओट्यावर बसली.

"काय झालं?" दिनेशनं विचारलं.

"डिफर केलं."

"म्हणजे?" मनू आतून.

"म्हणजे हो नाही, आणि नाही पण नाही, आजी. मार्चच्या शेवटी सगळ्यांच्या बरोबर परत बघतो म्हणाले. तेव्हा कळवतो."

मी मनूकडे बघितलं. तिनं विळी आडवी केली, हात पुसले. मला वाटलं, आता ही अमेरिकेची शिडी काढते.

तर बाईचा चेहरा उजळला. खरं सांगतो. वाडीत पहिला घड लागल्यावर व्हायचा तसा.

"कळवतो म्हणाले?" ती म्हणाली. "म्हणजे मुलगी पसंत आहे. पण त्यांना आणखी चार मुली बघायच्या आहेत."

"आई, ते कॉलेज आहे," दिनेश म्हणाला.

"असू दे की. आत माणसंच ना?"

त्या दिवसापासून त्या कॉलेजाचं नाव आमच्या घरात "मंडळी" पडलं. मंडळींचा काही निरोप? मंडळींकडे आता दिवस की रात्र? निवडायला किती जण बसतात, त्यात बायका आहेत का? केतकी म्हणाली, कमिटी असते, बायका असतील. मनूनं टाळी वाजवली. "मग काम सोपं आहे. बाईमाणसाला सुकेळं कळतं."

तिचा बेत असा. आमच्यात पूर्वी मुलगी बघून गेलेली माणसं कळवतो म्हणाली आणि गप्प बसली, की मुलीकडचे काहीतरी निमित्त काढून वानवळा पाठवायचे. आठवण राहावी म्हणून. तोंडानं काही विचारायचं नाही, नुसती टोपली पाठवायची. मनूच्या बापानं माझ्या बापाला सुकेळीच पाठवली होती. ती मी खाल्ली. बापाला एकही मिळालं नाही. आणि मी रोज विचारायला लागलो, परत कधी येणार, परत कधी येणार. शेवटी बाप म्हणाला, याला सुकेळ्याच्या घरातलीच करून टाका. हा किस्सा मनू सगळ्यांना सांगायची आणि शेवटी म्हणायची, "एकदा चाललंय, परत चालेल."

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात मांडव उभा. घर लग्नाचं असल्यासारखं कामाला लागलं. मला घड उतरवायला लावले, दिनेशला सुट्टीच्या दिवशी काठ्या बांधायला लावल्या, सूनबाईला सांगितलं की मंडळींसाठी चांगलं पातळ फडकं आण, माशा बसता कामा नयेत. आणि केतकीला नेमलं कावळ्यांवर.

पोरगी त्या वेळी वाईट होती. जेवायची नाही. रोज सोपाऱ्याला जाऊन काही आलं का ते बघायची. मार्चला कळवणार हे तिलाच ठाऊक होतं, तरी जायची. घरी असली तर फोनजवळ बसायची. तिच्याबरोबर अर्ज केलेल्या कुणा मुंबईच्या मुलीला हो आलं होतं, ते तिच्या डोक्यातून जाईना. मला काय बोलावं कळत नव्हतं. मी म्हणालो, "जाऊ दे मसणात ते कॉलेज." त्यावर ती रडली. मग मी बोलायचंच बंद केलं.

मनूनं तिच्या हातात काठी दिली.

"आजी, मला दुसऱ्या कॉलेजांचे अर्ज भरायचेत."

"मांडवाखाली बसून भर. कावळे अर्ज खात नाहीत."

"मी इथे राखण करू? ते मला डिफर करून बसलेत, आणि मी केळी राखू?"

"मंडळींची केळी आहेत. डावीकडची उलट."

पोरगी बडबडत उलटायला लागली. आठवड्याभरात ती मांडवाखाली सतरंजी टाकून बसायला लागली, पाठीला उशी, मांडीवर कागद. वरून पाक टिपकायचा. एका अर्जावर थेंब पडलाच. ती किंचाळली. मनू म्हणाली, "राहू दे, शकुन आहे," आणि तो तसाच गेला. मधेच कावळा आला की केतकी इंग्रजीत शिव्या द्यायची. मग जेवायला लागली. मग एक दिवस सोपाऱ्याला जायचंच विसरली.

पहिली सुकेळी तयार झाली. केळीच्या सुक्या पानात बांधून, वर फडकं शिवून मनूनं पुडकं केलं. पण अमेरिकेला पाठवायचं कसं? केतकीनं कपाळाला हात लावला. "आजी, मी काय कागदपत्रांना केळी जोडू? ते हसतील."

"हसू देत. हसणारा माणूस नाय म्हणत नाही."

शेजारच्या आळीतला पास्कोल माझा जुना दोस्त. त्याचा मुलगा अमेरिकेत हॉटेलात कामाला, नाताळला आलेला, आता परत निघालेला. मनू पुडकं घेऊन त्याच्या दारात. पोरानं कॉलेजाचं नाव ऐकलं, ते त्याच्या गावापासून लांब होतं की जवळ कुणास ठाऊक. तो म्हणाला, "बघतो, मावशी."

मी डोळे मिटले. पण मनू त्याला शिडीचं काही बोलली नाही. म्हणाली, "बघ बाबा. नीट जा."

मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

पुढचे दोन महिने तिचा उत्साह काही विचारू नका. दुसरा मांडव, तिसरा मांडव. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आमच्या नातीचं अमेरिकेत बोलणं चालू आहे. एक बाई आहेर काय द्यायचा ते विचारून गेली. केतकी हसून लाल व्हायची. मार्च आला तरी घरात कुणी दबकून चालत नव्हतं.

शेवटी काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो. तुम्हाला लोंबकळत ठेवलं असतं तर मनूनं मला सोडलं नसतं. मंडळींनी नाही म्हणून कळवलं. एप्रिल लागता लागता. केतकी सोपाऱ्याहून आली, चप्पल काढली, म्हणाली, "आजोबा, नाही म्हणाले," आणि पाणी प्यायली. मांडवाखाली भरलेल्या अर्जांतल्या एका कॉलेजानं हो म्हटलं, वर शिष्यवृत्ती दिली. तिथं ती शिकली, आता तिथंच शिकवते. पाक पडला होता तो अर्ज त्याच कॉलेजाचा का, हे तिला आठवत नाही. मला आठवतं. त्याच कॉलेजाचा.

पण हे उत्तर आलं तेव्हा मनू नव्हती.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी मला रस्त्यात पास्कोल भेटला. म्हणाला, "भाऊ, तुला खोटं काय सांगू. पोराचा फोन आला होता. तुमची सुकेळी त्यानं विमानातच खाल्ली. झोप लागेना, भूक लागली, एक खाल्लं, मग थांबवेना. वहिनीला सांगू नको."

मी सांगणार नव्हतो. पण माझ्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळी चटई गुंडाळताना बोलून गेलो. "मनू, ती सुकेळी पोचलीच नाहीत. पास्कोलच्या पोरानं खाल्ली."

ती दोरी बांधत होती. थांबली नाही.

"मग? ती कुणीतरी खायचीच होती. तुम्हाला काय वाटलं, कॉलेज सुकेळी खाऊन पोरी घेतं? मी काय खुळी आहे?"

"मग हे मांडवांवर मांडव कशाला?"

"तुमच्या घरून कळवतो म्हणाले होते," ती म्हणाली. "दिवाळीनंतर बघून गेलात. होळी आली तरी निरोप नाय. मी दाराकडे बघत बसायचे. कुत्रं भुंकलं की उठायचे. अन्न गोड लागेना. आईनं काही समजावलं नाय, मांडव घातला आणि मला उभी केली. रात्री काय वाटेल ते वाटू दे, सकाळी उघडायला उठावं लागायचं. नाय तर आंबतात. तेवढ्यावर मी ते दिवस काढले." मग गाठ ओढून म्हणाली, "आणि ती सगळी तुम्ही एकट्यानं खाल्लीत."

इतकी वर्षं हा किस्सा ऐकून मी हसत होतो. किस्सा माझ्या बाजूनं होता. तिच्या बाजूनं तो मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला. मला वायरमनची शिडी आठवली. ती म्हणाली, "चला आत, दव पडतंय."

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टर आला. या वेळेला तो बघू म्हणाला नाही.

घर माणसांनी भरलं. बायका आत बसल्या. दिनेश फोनवर नातेवाइकांना सांगत होता. केतकी ओट्यावर बसली होती, आजीच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून, आणि तिची नजर तिथून हलत नव्हती. ऊन कुंपणावरून आत आलं, मांडवाच्या अर्ध्यावर आलं. चटई बांधलेलीच होती. मी उठलो आणि गाठ सोडायला लागलो. गाठ घट्ट होती, तिची गाठ नेहमीच घट्ट असायची.

कुणीतरी माझा दंड धरला. "भाऊ, आज नको. सुतक आहे."

"आंबतील," मी म्हणालो.

केतकी उठली. कोपऱ्यातली काठी घेऊन मांडवापाशी येऊन उभी राहिली. मी चटई पसरली आणि डावीकडून एकेक उलटायला लागलो.