घरी बसून शिक्षा

राजवीरला कृतिका पसंत होती, कृतिकाला राजवीर पसंत होता. तिच्या वडिलांशी थोडा वेळ मराठीत बोलणं एवढंच बाकी होतं, आणि तिथेच घात झाला.

गोष्ट दोन हजार सातची. इंदूरला एकाच कंपनीत काम करणारी ही दोघं. कृतिकाचे वडील दत्तोपंत आणि आत्या इंदिराबाई साताऱ्याहून खास मुलाचं घर बघायला देवासला आले होते. राजवीरचं सगळं शिक्षण हिंदीत झालेलं. आई जानकीबाईंनी सकाळीच दम भरला होता, "शुद्ध बोल. तोंडातून एक इंग्रजी शब्द निघाला तर बघ."

जानकीबाई आणि कृतिका पोहे करायला आत गेल्या. बाहेर दत्तोपंतांनी सहज विचारलं, "गाडी येते ना तुम्हाला?"

"ट्रेनिंग" हा शब्द राजवीरच्या ओठांवर आला होता. त्याने तो गिळला.

"हो काका. दीड महिना शिक्षा झाली आहे."

इंदिराबाईंनी पदर सावरला. दत्तोपंतांनी सावधपणे विचारलं, "कुठे होता?"

"घरीच. आता घरी बसूनच होते नं शिक्षा. संगणकासमोर बसायचं, रोज थोडी थोडी घ्यायची. शेवटी परीक्षा. मग प्रमाणपत्र देतात."

मध्य प्रदेश सरकार इतकं पुढे गेलं असेल, असं दत्तोपंतांना वाटलं नव्हतं.

"पण अशी वेळ का आली?"

"आधी भाऊ शिकवत होते. माझे सख्खे काका. धामनोदजवळ मी जोरात ब्रे... म्हणजे एकदम गाडी थांबवली, अन् भाऊंचा खून झाला."

आत मोहरी तडतडली.

"थोडासाच," राजवीरने धीर दिला. "रुमालानं पुसून टाकला."

"पोलीस?" इंदिराबाईंनी विचारलं.

"घरचीच गोष्ट, आत्या. कोणाला सांगितलं नाही. आई बोलली, बस झालं, आता शिक्षाच घे."

दत्तोपंत बहिणीच्या कानाशी झुकले. "मुलगा खरं बोलतोय," ते पुटपुटले. "भोगूनही झालंय. सुधारला असेल."

"आणि आईनंच पाठवलं म्हणजे घराणं चांगलं," इंदिराबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दारातून एक धिप्पाड गृहस्थ आत आले. नाकावर पट्टी होती. "काय भिया, चहा झाला का?"

"हेच भाऊ," राजवीर उठून म्हणाला. "यांचाच खून केला मी."

दत्तोपंतांनी हात जोडले. मयताची विचारपूस कशी करतात, हे त्यांना सुचेना.

पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आलेल्या जानकीबाईंनी शेवटचं वाक्य ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, खून म्हणजे रक्त. याचं हिंदी आहे. नाक फुटलं होतं भावजींचं. आणि शिक्षा म्हणजे शिक्षण. इंटरनेटवर गाडी शिकलाय तो."

"नाक आता वाकडंच राहणार म्हणतो डॉक्टर," भाऊ म्हणाले आणि पोह्यांवर शेव घालू लागले.

इंदिराबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. दत्तोपंतांचा मात्र अडकला.

"इंटरनेटवर म्हणजे, खरी गाडी?"

"भाऊंच्या नंतर नाही," राजवीर म्हणाला. "पण शंभरपैकी अठ्ठ्याण्णव आले."

"मघाचंच बरं होतं," इंदिराबाई हळूच म्हणाल्या. "निदान पश्चात्ताप तरी झाला असता."

दत्तोपंतांनी विचार करून तोडगा काढला. "हे बघा, तुम्ही गाडीला हात लावायचा नाही. कृतिका चालवील. आज इंदूरहून आम्हाला तिनंच आणलं. वाटेत सगळे लोक आपणहून बाजूला होत होते."

"ते घाबरून, बाबा," कृतिका बशी खाली ठेवत म्हणाली. "मीही तिथेच शिकले. मीच याला ती साइट सांगितली."

"तुझे किती आले?"

"सत्त्याण्णव."

दत्तोपंतांनी बशी बाजूला ठेवली. बराच वेळ ते मुलीकडे, मग राजवीरकडे, मग भाऊंच्या नाकाकडे बघत राहिले.

"जानकीबाई," ते शेवटी म्हणाले, "लग्न ठरलं असं समजा. ही दोघं वेगवेगळ्या घरांत देऊन उगाच दोन कुटुंबं कशाला संपवायची?"

मग त्यांनी पिशवी उचलली आणि इंदूरची बस कुठून मिळते ते भाऊंना विचारलं.