गेलनने दिवे घालवले तेव्हा

"दरवर्षी मला दिवे बघायला नेणाऱ्या बर्निसचा खुबा मोडलाय आणि अंधारात मी एकटी गाडी चालवणार नाही. तू येतोयस," बायको आर्डिस म्हणाली आणि व्हर्लिन स्टॉफरचं वीस वर्षांचं व्रत मोडलं.

ओढ्याकाठची जुनी पिठाची गिरणी दर नाताळात जोत्यापासून छपरापर्यंत दिव्यांनी मढवली जाई. अर्धं ओहायो ती बघायला लोटे. व्हर्लिन तेवढा जात नसे, कारण ते दिवे लावायचा गेलन रप. आणि शाळेतल्या नाचाला आर्डिसला घेऊन गेला होता तोही गेलन रपच. त्या नाचाला बावन्न वर्षं झाली होती, तरी व्हर्लिनच्या पोटात अजून दुखत होतं.

शिवाय व्हर्लिन स्वतःचं घरही सजवायचा. गिरणीसमोरच्या टेकडीवर घर, ऑक्टोबर लागला की हा शिडी घेऊन छपरावर. पण गावातलं एक माणूस वर बघेल तर शपथ! खुद्द आर्डिस "छान आहे हं" म्हणायची, ती डॉक्टरला "बरं आहे" म्हणते त्याच सुरात. तिने एकदा, फक्त एकदा, मनापासून म्हणावं एवढंच त्याला हवं होतं.

गिरणीच्या अंगणात पाऊल ठेवताच आर्डिसने आ वासला.

"बघ तरी, चाकावरून दिवे कसे ओघळतायत. गेलनच्या हातात जादू आहे रे."

"लाल जास्त झालाय."

"नाताळ आहे, व्हर्लिन."

"म्हणून काय वाट्टेल तेवढा लाल?"

तेवढ्यात पुलाजवळच्या कुंपणावर त्याला एक गेलेला बल्ब दिसला. त्याचा चेहरा गिरणीपेक्षा जास्त उजळला. "आर्डिस, हा बघ. मेलाय."

"इतके हजार जिवंत आहेत आणि तुला हाच दिसला? धर हे," असं म्हणून तिने गरम कोकोचा पेला त्याच्या हातात कोंबला आणि ती मक्याच्या गोड लाह्या आणायला गेली.

डिसेंबरात व्हर्लिनच्या कोटाच्या खिशात दोन-चार बल्ब असायचेच. हात शिवशिवले. आपण दुरुस्त केला हे उद्या गेलनला चारचौघांत सांगता येईल, या विचाराने त्याने मेलेला बल्ब फिरवून काढला. माळ जुन्या वळणाची निघाली, एक काढला की सगळे जाणारी. कुंपण काळंठिक्कर पडलं. घाईघाईने त्याने आपला बल्ब बसवायला घेतला, तर तो मापाला लहान. तो दाबून बसवायला वाकला आणि हातातला कोको थेट खालच्या प्लगांच्या पेटीत गेला.

फट् असा आवाज झाला. पूल गेला, चाक गेलं, मग अख्खी गिरणी गेली. चारशे माणसं अंधारात उभी राहिली.

"अरे, ते बघा वर," कुणीतरी म्हणालं.

टेकडीवर एकटं घर झळकत होतं. गर्दीतून 'अहाहा' उमटलं. व्हर्लिनने स्वतःही ते इथून कधी पाहिलं नव्हतं.

लाह्यांची पिशवी छातीशी धरून आर्डिस शेजारी आली होती. "व्हर्लिन, आपलं घर? इतकं सुंदर आहे ते?" हाच तो सूर, ज्याची त्याने वीस वर्षं वाट पाहिली होती. "आणि आपलं घर दिसावं म्हणून गेलनने स्वतःचे सगळे दिवे घालवले. केवढं मोठं मन."

ते आजूबाजूच्यांनी ऐकलं आणि टाळ्या सुरू झाल्या.

"आर्डिस, दिवे मी घालवले."

"जळू नकोस रे. निदान आज तरी."

हातात बॅटरी घेऊन गेलन आला. त्याने पेटी पाहिली, रिकामा पेला पाहिला, व्हर्लिनची ओली बाही पाहिली. मग गर्दीकडे वळून म्हणाला, "शेजारी आहे आमचा. वर्षातली पाच मिनिटं त्याची."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आर्डिसने गेलनच्या गालाची पापी घेतली. गेलन व्हर्लिनच्या कानाशी वाकला. "पुढच्या वर्षी नुसतं सांग. मी बटण बंद करीन, कोको वाया घालवू नकोस."

"आभार मान त्याचे," आर्डिस म्हणाली.

व्हर्लिनने मानले. माणूस खरोखरच चांगला निघाला होता, म्हणजे आता त्याच्यावर जळायलाही तोंड उरलं नव्हतं. तरी घरी जाताना गाडीत त्याने जळून पाहिलं, आणि ते त्याला सहज जमलं.