काशीरामने बांधलेल्या चिंबोऱ्या

काशीरामने फक्त एवढंच ठरवलं होतं, की मुलीच्या कार्यक्रमाला जरा लवकर जायचं. बास. (घरी थांबला असता तर बायकोने नारळ खवायला बसवला असता, हेही एक कारण होतं म्हणा.)

मुलगी मनस्वी समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करते. रविवारी सकाळी पनवेलच्या एका हॉलमध्ये खाडीतल्या जीवांबद्दल सगळ्यांसाठी कार्यक्रम होता आणि त्यात तिचं पहिलंवहिलं जाहीर भाषण. काशीरामची छाती आठवडाभर फुगलेली. जाता जाता त्याने बाजारातून चार चिंबोऱ्याही, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, चांगल्या मांसाने भरलेल्या बघून उचलल्या. भाषण झालं की घरी जंगी कालवण, असा बेत होता आणि बायको दमयंती वाटणाला लागलीसुद्धा होती.

हॉलमध्ये मात्र खुर्च्याच खुर्च्या. पुढे मनस्वीचे सर आणि मागे पंख्याखाली डुलक्या घेणारे एक आजोबा. मनस्वीचा चेहरा पार उतरला होता.

"पप्पा, कोणीच येणार नाही बहुतेक," ती म्हणाली. "तुम्ही दारातल्या टेबलापाशी थांबा. लहान मुलं आली तर टबात हात घालू देऊ नका."

टबात तिने भाषणासाठी आणलेल्या चिंबोऱ्या होत्या. नांग्या मोकळ्या! काशीरामला ते पटेना. तो जासईच्या एका कंटेनर गोदामात कारकून. सील लावल्याशिवाय तिथून काडी बाहेर जात नाही. त्यात जन्म आगऱ्याच्या घरचा. न बांधलेली चिंबोरी पोराबाळांसमोर ठेवतात होय कुणी? त्याने दाराच्या तोरणाची सुतळी सोडली, सवयीच्या हातांनी एकेक चिंबोरी झकास बांधली आणि ओल्या गोणपाटावर ओळीने मांडली. पिशवीतल्या चार गुदमरतील म्हणून त्याही तशाच बांधून शेजारी ठेवल्या.

रस्त्यावरून जाणारी एक बाई थबकली. "कशा दिल्या, दादा?"

"इकायच्या नाय त्या. आत भाषन हाय, ते ऐका."

बाईने मागच्या बाईला सांगितलं, "आदी भाषन ऐकाया लागतंय, मंगच देनार." (गेल्या महिन्यात एका कुकरवाल्याने अशीच माणसं बसवली होती, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.)

बघता बघता हॉल पिशव्यांसकट भरला. मनस्वी टब न्यायला आली आणि बघतच राहिली.

"पप्पा, हे काय केलंत? नांग्या कशा चालतात तेच दाखवायचं होतं मला."

पण एवढी गर्दी बसलेली बघून तिला रागवायलाही फुरसत मिळाली नाही. तिने बांधलेलीच चिंबोरी हातात धरली आणि सुरुवात केली. पहिल्याच मिनिटाला प्रश्न आला, "अवसेला भरलेली नि पुनवेला पोकळ, असं का गं बाय?" मग काय, पोरगी जी खुलली! बायका विचारतायत, ती सांगतेय, सर माना डोलावतायत. काशीरामचे डोळे भरून आले.

"आता या सगळ्या चिंबोऱ्या खाडीत परत सोडायच्या," शेवटी मनस्वी म्हणाली, "आणि हे काम माझे पप्पा करणार."

टाळ्या पडल्या. (मागच्या दोनचार बायका सोडून.) काशीराम उभा राहिला. यातल्या चार माझ्या आहेत, हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याने स्वतःच सगळ्या इतक्या सारख्या बांधल्या होत्या, की त्याच्या कुठल्या हे त्यालाही सांगता आलं नसतं. आणि पोरगी तिथे सरांसमोर हसत उभी. त्याने सगळ्या चिंबोऱ्या टबात भरल्या आणि टब उचलला.

खाडीवर शेवटच्या चिंबोरीची सुतळी सोडताच तिने त्याचा उजवा अंगठा नांगीत धरला. त्याला वाटलं, ही नक्की त्याच्या चारांतलीच असणार.

"चिंबोऱ्या कुठं हायत?" घरी दमयंतीने विचारलं.

"खाडीत."

तिने त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधली आणि तयार वाटणात बटाटे टाकले. काशीराम डाव्या हाताने चमच्याने जेवला, तरी खुशीत होता. तेवढ्यात मनस्वी आली.

"पप्पा, सर तुमच्यावर जाम खूश आहेत. पुढच्या महिन्यात कोळंबीवर भाषण आहे. गर्दी जमवायला तुम्हालाच बोलावलंय."

काशीराम टम्म फुगला.

"जा खुशाल," दमयंती त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढत म्हणाली. "पन त्या दिवशी बाजाराला मी जाईन."