प्रश्न क्रमांक तीन नापास

तुम्ही आयुष्यात कितीदा नापास झालात, हे मी विचारणार नाही. मला एवढंच सांगा, तुम्ही कधी एखाद्या प्रश्नाला नापास केलंत का?

आमच्या ज्युनिअर कॉलेजात दर चाचणीनंतर दोन निकाल लागतात. मुलांचा निकाल ऑफिस लावतं. प्रश्नांचा निकाल आत्माराम गिरासे सर लावतात. सर जीवशास्त्र शिकवतात. त्यांचा कागद नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत असतो आणि मुलं आपला निकाल सोडून आधी तोच वाचतात. गेल्या सत्रातला मी उतरवून ठेवला आहे:

"प्र. १, पेशीपटलाचे कार्य : पास. प्र. २, परासरण : काठावर पास. प्र. ३, तंतुकणिका : नापास. कारण, प्रश्न उद्धट आहे. प्र. ४, रोहिणी व नीला यांतील फरक : नापास. कारण, आपल्याला काय हवं ते प्रश्नालाच माहीत नाही."

सरांचा नियम साधा आहे. अर्ध्या वर्गाने प्रश्न कोरा सोडला, की चौकशी प्रश्नाची. "चाळीस पोरे एकदम बिघडतस का?" ते विचारतात. "नही ना? मंग बिघडेल कोन शे?"

सर जवळच्या कळसाडी गावचे. रोज एसटीने येतात आणि चाचणीच्या आदल्या दिवशी एसटीतच प्रश्नांची पूर्वपरीक्षा घेतात. शेजारी कापूस विकून परतणारा शेतकरी असो की माहेरी निघालेली बाई, सर विचारणारच, "मावशी, बटाट्याला खड्डा पाडून त्यात साखर भरली, तर सकाळी काय दिसेल?" एकदा एका मावशीने उत्तर दिलं, "माले येडी दिसंल मन्ही सून. साखर काय फुकट येस?" सरांनी त्या प्रश्नापुढे लिहिलं, "प्रश्न पास. मावशी प्रथम श्रेणी. साखरेऐवजी मीठ वापरावे."

मी याच कॉलेजात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. आमच्या घरी पाहुणे कमी आणि चळवळीची पत्रकं जास्त येत. त्यामुळे कॉलेजात आल्यावर पहिल्याच महिन्यात मी परीक्षापद्धतीविरुद्ध एक पत्रक लिहिलं आणि मोठ्या आशेने सरांना दाखवलं. त्यांनी ते चष्मा वर करून, चष्मा खाली करून, उजेडासमोर धरून वाचलं.

"पत्रकताई," ते म्हणाले, "भित्तिका भक्कम शे. केंद्रक कोठे शे?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाहेरून कडक. आत कोणाचं काय अडलंय, ते कुठे लिहिलंय?"

त्या दिवसापासून मी पत्रकताई. मला राग आला होता. अजून थोडा आहे.

सरांना सगळं जग पेशीसारखं दिसतं. कॉलेजचं फाटक म्हणजे पेशीपटल, कारण ते काहींना आत घेतं आणि काहींना घेत नाही. ऑफिसातली जुन्या कागदांची खोली म्हणजे रिक्तिका. शिपाईमामा म्हणजे रक्त, कारण ते फिरले तरच कॉलेज जिवंत. स्टाफरूमच्या खिडकीत बशीभर मनुका पाण्यात फुगत असतात आणि फुगल्या की सर त्या मोजून सगळ्यांना वाटतात. "परासरण खा," म्हणतात.

बक्षीस समारंभाची गोष्ट तर अजून सांगितली जाते. देठातून पाणी वर कसं चढतं, हे दाखवायला सरांनी पांढऱ्या निशिगंधाच्या काड्या लाल शाईत ठेवल्या होत्या. शिपाईमामांनी घाईत त्याच उचलल्या, गुच्छ बांधला आणि पाहुण्यांच्या हातात दिला. भाषण रंगात आलं आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल रेघ उतरू लागली. बायका घाबरल्या. एक जण "डॉक्टर!" म्हणून ओरडला. मागच्या रांगेतून सर उभे राहिले आणि म्हणाले, "काही नाही, काही नाही! वाहतूक सिद्ध झाली!"

प्राचार्यांनी सरांकडे त्याबद्दल लेखी खुलासा मागितला. सरांनी आकृतीसह दिला, भागांना नावं देऊन.

आता मुद्द्यावर येते.

यंदा प्राचार्यांनी अकरावीसाठी नवा हुकूम काढला. पहिल्या चाचणीत जीवशास्त्रात जो नापास, त्याची रवानगी कला शाखेत. कारण उघड होतं. पुढे बारावीचा निकाल चकचकीत दिसायला हवा, आणि चकाकी आणायची सोपी रीत म्हणजे डाग दिसणारे आधीच उचलून दुसऱ्या खोलीत ठेवणं. (माझी शाखा ही त्यांची दुसरी खोली. यावर मी वेगळं पत्रक लिहिणार आहे.)

चाचणीत सरांनी विचारलं होतं, उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कसं पोचतं? धडा पुढच्या वर्षीच्या पुस्तकात आहे, अशी तक्रार झाली. सर म्हणाले, "झाड पुढच्या वर्षापर्यंत थांबत नही."

यादीत सहा नावं आली. त्यातलं एक रमिला पावरा हिचं. रमिला धडगावच्या वरच्या एका पाड्यावरची, इथे वसतिगृहात राहते. आईवडील गुजरातेत ऊसतोडीला गेलेले. घरी पावरी, शाळेत दहावीपर्यंत मराठी आणि आता सायन्स इंग्रजीतून. तिला बी.एस्सी. नर्सिंग करून नर्स व्हायचं आहे, कारण तिच्या पाड्यावरून दवाखाना गाठायला जीप मिळाली तर दीड तास लागतो आणि जीप नेहमी मिळत नाही. कला शाखेत गेली तर तो रस्ता तिथेच संपतो. ती दोन गुणांनी नापास होती. त्या झाडाच्या प्रश्नाला तिला शून्य होतं आणि शून्यापुढे सरांच्याच अक्षरात शेरा होता, "वाचता येत नाही."

मी मोकळ्या तासाला पत्रक लिहिलं, तीन उद्गारचिन्हांचं, आणि थेट प्रयोगशाळेत गेले. "सर, तुम्हीसुद्धा?"

सरांनी पत्रकाकडे पाहिलंच नाही. त्यांनी रमिलाला बोलावलं आणि उत्तरपत्रिका तिच्यापुढे ठेवली. पहिली अर्धी ओळ इंग्रजीत होती, पुढच्या दोन मराठीत, आणि मग पानभर देवनागरीत लिहिलेली पावरी.

"माले नही वाचता उनं," सर म्हणाले. "तू वाच."

रमिलाने वाचलं. आम्हा दोघांना काही कळलं नाही. मग ती मान खाली घालून मराठीत सांगू लागली.

"सर, आमच्या पाड्यावरून ऊसतोडीला आधी एक जण जातो. तो गेला की त्याचा भाऊ निघतो. मग वहिनी, मग वहिनीची बहीण. मागून कोणी ढकलत नाही. पुढचा निघाला की त्याने धरलेला मागचा ओढला जातो. पाण्याचं तसंच. पानातून एक थेंब वाफ होऊन उडतो, त्याच्या मागचा ओढला जातो. मूळ ढकलतं थोडं, पण ओढतं पान."

"आणि मधे हात सुटला तर?" सरांचा आवाज एकदम बारीक झाला.

"मग मधे हवा शिरते, सर. वरचे वर राहतात, खालचे खाली."

सरांनी उत्तरपत्रिका उचलली आणि ते पावरीचं पान चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "या प्रश्नाचं एवढं चांगलं उत्तर मला स्वतःला येत नव्हतं."

दुपारी बोर्डावर हिरव्या शाईतला कागद लागला: "पाणी शेंड्यापर्यंत : प्रश्न पास. विद्यार्थिनी पास. तपासनीस गिरासे आ. रा. : नापास. कारण, पावरी येत नाही."

प्राचार्यांनी कागद फाडून आणला. "सर, हा काय तमाशा आहे? यादी पक्की झाली आहे. नापास म्हणजे नापास, आर्ट्सला जाणार."

"मान्य," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या अकरावी कलेच्या वर्गात शेवटच्या बाकावर गिरासे सर बसले होते. डबा, वही, पाण्याची बाटली, सगळं घेऊन.

"सर, हे काय?"

"नियम, ताई. नापास झाला तो आर्ट्सला."

मी त्या दिवशी समास शिकवत होते. 'आईवडील' म्हणजे आई आणि वडील, असं सांगितलं तर सरांचा हात वर. "मधलं 'आणि' कुठे गेलं?" लोप पावलं, म्हटलं. "पटलातून बाहेर गेलं म्हणा ना!" वर्ग बाकं बडवायला लागला. मी समासाची चाचणी घेतली. सरांना दहापैकी तीन. मी तत्त्वाने एक गुणही वाढवून दिला नाही. त्यांनी पेपर घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "प्रश्न बरे व्हतात."

चार दिवस जीवशास्त्राचे तास रिकामे. चौथ्या दिवशी प्राचार्य स्वतः माझ्या दारात उभे. "गिरासे सर, बारावीची प्रॅक्टिकल्स कोण घेणार?"

"मी ते आते आर्ट्सना पोऱ्या शे, साहेब. सायन्सनं माले काय इचारतस?"

प्राचार्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. यादी थांबली, पण अट पडली. उत्तरपत्रिका पुन्हा पाहिल्यावर कळलं, सहाही मुलांनी उत्तरांत कुठे ना कुठे घरची भाषा वापरली आहे. चौघांची पावरी, एकाची भिली, एकीची कोकणी (कोकणातली नव्हे, इथल्या कोकणा आदिवासींची). ती भाषा जाणणाऱ्या बाहेरच्या माणसाने ही उत्तरं प्राचार्यांसमोर वाचून, मराठीत सांगून सही करायची. मुलांनी एकमेकांचं वाचायचं नाही. वाचणारा पदवीधर हवा. आणि हे महिनाअखेरीच्या आत, नाही तर यादी आहे तशी लागू. अर्धा जिल्हा ज्या भाषांत बोलतो, त्यांतली एकही आमच्या अख्ख्या स्टाफमध्ये कोणाला येत नाही! मी हे वाक्य तीन वेळा मोठ्याने म्हटलं. तिन्ही वेळा स्टाफरूम चहा पीत होती.

रविवारी त्या अटीच्या कागदावर सरांची सही घ्यायला मी कळसाडीला गेले. त्यांचं घर मी प्रथमच पाहत होते. पत्नीला जाऊन नऊ वर्षं झाली, मुलंबाळं नाहीत. ओट्यावर एकच खुर्ची. "आम्ही एकपेशीय," ते मला पूर्वी हसत म्हणाले होते, "खाणं, पिणं, बोलणं, सगळं एकाच खोलीत." तेव्हा मीही हसले होते.

सर खुर्चीत नव्हते. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते, पुढे पहिलीच्या मुलांची दुरेघी वही. समोर त्यांच्या शेतात ऊस तोडायला डोंगरातून आलेल्या तीन बाया. त्यातली वयस्कर बाई पावरीतला एक शब्द म्हणे, सर तो म्हणत, आणि बाया तोंडाला पदर लावून हसत. "असं नाही, सर. पुन्हा." सर पुन्हा म्हणत. पुन्हा हसू. ती बाई कधी शाळेत गेली नव्हती. पण परीक्षक म्हणून ती माझ्याहून कडक होती.

बाया कामावर गेल्यावर मी सहीचा कागद पुढे केला. त्यांनी सही केली, पण पेन परत दिलं नाही. ते बोटांत फिरवत राहिले.

"सव्वीस वरीस, ताई," ते म्हणाले, "सव्वीस वरीस मी लाल शाईमा लिखं, वाचता येत नाही. त्या पोरेसले वाटनं व्हई, आपलेच लिखता येत नही."

मी आत जाऊन चहा ठेवला. कपही एकच होता, मग मी फुलपात्रातून प्यायले.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला पावरी, भिली किंवा कोकणी येत असेल आणि तुम्ही पदवीधर असाल, तर या महिन्यातल्या कुठल्याही शनिवारी दुपारी आमच्या कॉलेजात या. बसस्टँडवर उतरून गिरासे सर म्हणा, रिक्षावाला आणून सोडेल. सहा उत्तरपत्रिका आहेत, तासाभराचं काम आहे. स्वतः येत नसाल तर ज्याला येतं त्याला पाठवा. आणि आल्यावर सरांशी मराठीत बोलू नका. त्यांच्याशी तुमच्या भाषेत बोला. ते चुकतील. खुशाल हसा, पण दुरुस्त केल्याशिवाय उठू नका.