एका शब्दाचं उत्तर

वीरण्णांचं पत्र येऊन वर्ष होत आलं होतं आणि उद्धवरावांनी त्याला अजून उत्तर पाठवलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत रोज सकाळी परसात बंब पेटला की त्यांना ते हमखास आठवे, कारण बंब पेटत असे तो त्या उत्तराच्या खर्ड्यांवरच.

पत्र मोजून तीन ओळींचं होतं. "उद्धवा, येळवसला जोडीनं ये. महादेवी भज्जीला अठरा जिनसा जमवून राहिली. येनार का न्हाई ते एका शब्दात कळीव." महादेवी म्हणजे वीरण्णांच्या पत्नी, आणि येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूरकडची घरं कुलपं लावून शेतात जेवायला जातात. कडब्याच्या खोपीत पूजा होते, मग भाज्या-शेंगांची एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. मुखेडच्या शाळेत वीरण्णा गणित शिकवत आणि उद्धवराव मराठी. अठरा वर्षं दोघांनी एका बाकावर डबा खाल्ला होता. निवृत्त झाल्यावर वीरण्णा किल्लारीला आपल्या शेतावर गेले, उद्धवराव लोह्यात येऊन राहिले. फोन करण्यात अर्थ नव्हता. वीरण्णांना ऐकू येत नसे. फोनवर ते फक्त बोलत, आणि आपलं बोलणं संपलं की ठेवून देत.

पत्र हाती पडताच उद्धवरावांनी सवयीने लाल पेन काढून त्यातल्या पाच चुकांना गोल केले होते. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. माणूस जेवायला बोलावतो आहे आणि आपण त्याचं शुद्धलेखन तपासतो आहोत. याची भरपाई म्हणून उत्तर तरी चांगलं लिहावं असं त्यांनी ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. नुसतं 'होय' लिहिलं तर तुटक दिसेल. मायना 'प्रिय' करावा तर या वयात तो कसासाच वाटे. नवव्या खर्ड्यापर्यंत अमावस्या उलटून गेली. त्यानंतरच्या खर्ड्यांत उशिराची दिलगिरी आली, आणि त्यानंतरच्यांत दिलगिरीला झालेल्या उशिराची. एक झालं होतं. पोस्टकार्डावर पत्ता तेवढा पहिल्याच दिवशी सुवाच्य लिहून झाला होता. ते कार्ड वर्षभर त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं.

त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. उत्तर गेलं असेल आणि ते 'नाही' असंच गेलं असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. आठवड्यावर अमावस्या आली तेव्हा त्या इतकंच म्हणाल्या, "औंदा त्यांचं बोलावणंसुद्धा नाही. काय म्हणून बोलावतील. महादेवीच्या हातची भज्जी काय या जन्मी परत मिळत नाही मला." उद्धवराव बंबात फुंकर घालत राहिले.

त्याच सकाळी शेजारच्या सरजाबाई नेहमीप्रमाणे बंबाशी हात शेकायला आल्या. चंद्रप्रभाबाई दूध आणायला गेल्या होत्या. सरजाबाई चौथी पास होत्या आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान होता, त्यामुळे अक्षर दिसलं की त्या सोडत नसत. बंबाच्या तोंडाशी एक अर्धवट जळालेला खर्डा पडला होता. त्यावर उद्धवरावांनी सुंदर वळणात लिहिलं होतं, "वीरण्णा, आपण गेल्यापासून तो बाक सुना झाला आहे. आपल्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी आता कधीही..." पुढचं जळालं होतं.

सरजाबाईंनी कागद दोनदा वाचला. मग उद्धवरावांकडे पाहिलं. धुरामुळे त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"गुर्जी, वीरण्णा सर गेले?"

"होय," उद्धवराव म्हणाले. सर मुखेड सोडून शेतावर गेले हे सरजाबाईंना ठाऊक असायला हवं होतं, असं त्यांना वाटून गेलं. "आणि मी त्यांना साधं एक अक्षर लिहिलं नाही."

सरजाबाई न शेकताच उठून गेल्या. उद्धवराव अंघोळ करून, मफलर गुंडाळून वाचनालयात गेले.

अकराला परत आले तर ओट्यावर दहा-बारा चपला. आत बायका सतरंजीवर बसलेल्या. चंद्रप्रभाबाईंच्या डोळ्यांना पदर. कोपऱ्यात कुणीतरी झाकून आणलेलं पिठलं आणि भाकरी, म्हणजे घरात चूल पेटणार नव्हती. कोण गेलं, हे विचारणं उद्धवरावांना प्रशस्त वाटेना. आपल्याच घरात आपल्यालाच माहीत नाही, हे कसं दिसेल? ते भिंतीला टेकून बसले. येणारे जाणारे त्यांच्या हातावर हात ठेवून "धीर धरा" म्हणत होते आणि ते धीर धरत होते. मधेच त्यांना शंका आली की आपणच तर गेलो नाही ना, पण मग लोकांनी आपल्याला पिठलं वाढलं नसतं.

पाऊण तासाने ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, "वीरण्णा सरांसारखा मानूस पुन्हा होनं न्हाई."

उद्धवरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला. कधी, कसं, काहीच त्यांना विचारता आलं नाही. त्यांना एकच दिसत होतं, तीन ओळींचं पत्र आणि त्यावरचे पाच लाल गोल. बायका गेल्यावर त्यांनी चंद्रप्रभाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पिठल्याचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "एक शब्द मागितला होता हो त्यांनी." यापेक्षा त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. महादेवीचा फोन त्यांनी चारदा लावला. चारही वेळा बंद. मग तर दोघांची खात्रीच पटली. खरं म्हणजे अमावस्येच्या तयारीला शेतावर मुक्काम पडला होता आणि तिथे फोन चार्ज करायची सोय नव्हती.

बातमी निवृत्त शिक्षक संघाचे चिटणीस रविकिरण यांच्यापर्यंत दुपारीच पोचली. त्यांनी उत्साहाने शोकसभा ठरवली आणि संघाच्या ग्रुपवर टाकायला मजकूर केला. पण त्यांचा मोबाईल 'शोक' लिहिलं की 'शोख' उमटवी. तीन वेळा खोडून चौथ्यांदा त्यांनी तो शब्दच काढून टाकला. मजकूर राहिला तो असा : "आपल्या लाडक्या वीरण्णा सरांसाठी सभा. रविवारी सकाळी अकरा. लोहा वाचनालय, वरची खोली. सर्वांनी अवश्य यावे." त्याखाली त्रेचाळीस जणांनी नुसते जोडलेले हात टाकले.

रविवारी बोचरी थंडी होती. वरच्या खोलीत पन्नासेक निवृत्त शिक्षक कानटोप्या आणि मफलरांत गुरफटून बसले होते. कुणाचं फक्त नाक दिसत होतं, कुणाचा फक्त चष्मा. टेबलावर वीरण्णांचा निरोप समारंभातला फोटो, त्याला झेंडूचा हार. सभा सुरू झाल्यावर एक तपकिरी माकडटोपी धापा टाकत जिना चढून आली आणि मागच्या रांगेत बसली. तिच्या हातात कापडाने तोंड बांधलेली बरणी होती. कुणी लक्ष दिलं नाही. तशा टोप्या खोलीत सात होत्या.

रविकिरण बोलले. मुखेडचे एक माजी मुख्याध्यापक बोलले. वीरण्णांनी कधी कुणाला गणितात नापास केलं नाही असं ते म्हणाले, जे खरं नव्हतं. दरवेळी मागची तपकिरी टोपी समाधानाने मान हलवी. मग उद्धवरावांचं नाव पुकारलं गेलं.

चार माणसांपुढे उभं राहायची त्यांना आयुष्यभर धास्ती. वर्गात पोरांपुढेसुद्धा ते खिडकीकडे बघून शिकवत. त्यांनी खिशातून पत्र काढलं आणि खिडकीकडे बघतच वाचलं. मग म्हणाले, "त्याने एक शब्द मागितला होता. मी त्याच्या चुका काढल्या. माझ्यापाशी शब्द पुष्कळ होते, तो एक निघाला नाही." एवढं बोलून ते खाली बसले. पहिल्या रांगेत चंद्रप्रभाबाई स्फुंदत होत्या.

रविकिरणांनी सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे उठले. खोलीत चिडीचूप झालं.

"बसा, बसा," मागून आवाज आला. "मान्सं म्हातारी हायत. एवढा मान कशाला?"

तपकिरी टोपी रांगांमधून वाट काढत पुढे आली. तिने फोटोवरचा हार काढून आपल्या गळ्यात घातला, बरणी टेबलावर ठेवली आणि ती डोक्यावरून वर सरकली. टोपीखाली वीरण्णा होते.

माजी मुख्याध्यापक होते तिथेच बसले. खाली खुर्ची नव्हती. रविकिरण पुढे झाले. वीरण्णांच्या कानाशी जाऊन ते म्हणाले, "सर, तुम्ही गेला होता ना?"

"कुठं?"

रविकिरणांनी बोट छताकडे केलं. "वर."

"वरच आलो की. लई जिना हाय तुमचा. सभा खाली ठिवायची."

मग सगळे एकदम बोलू लागले. एकाने त्यांना चिमटा काढून पाहिला. कागद सापडल्याचं सरजाबाईंनी कुणाला सांगितलं, त्यांनी कुणाला, असं करत धागा उलटा उसवत गेला आणि थेट उद्धवरावांच्या बंबापाशी येऊन थांबला. पन्नास कानटोप्या त्यांच्याकडे वळल्या. जमीन दुभंगावी असं उद्धवरावांना वाटलं, पण खोली पहिल्या मजल्यावर होती.

वीरण्णांना या गलक्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. सत्कार झाला, हार मिळाला, सगळे उठून उभे राहिले, त्यांचं मन भरलं होतं. ते उद्धवरावांपाशी आले. "पंच्याहत्तरी झाली म्हनून सभा घेतलीस व्हय रे? किल्लारीच्या एका मास्तरानं शेतावर येऊन मोबाईलवर दाखीवलं मला. मी म्हनलं, उत्तर का न्हाई देऊन राहिला हा गडी. तर तू हे करून राहिलास." त्यांनी बरणीकडे बोट दाखवलं. "आंबील हाय. महादेवीनं दिली. आता सांग, गुरवारी येळवस हाय. येनार का न्हाई?"

उद्धवरावांनी तोंड उघडलं. ओठ हलले. वीरण्णांनी कानामागे हात धरला आणि मग तो खाली घेतला.

"ऐकू न्हाई येत मला. लिव्ह. अन् हातात नको देऊ, डाकेनं धाड. वरीसभर डाकवाल्याची वाट बघून राहिलो मी."

चंद्रप्रभाबाईंसह तिघं जिना उतरून पेठेच्या तोंडाशी लाल पेटीजवळ आले. रविवार असला तरी पेटी उघड्या तोंडानं उभीच होती. उद्धवरावांनी कोटाच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं. कडा मऊ पडल्या होत्या, पत्ता मात्र जसाच्या तसा सुवाच्य. लिहायला आधार काहीच नव्हता, म्हणून वीरण्णांनी वाकून पाठ दिली. गळ्यातला झेंडूचा हार जमिनीला टेकला. येणारे जाणारे थांबून बघू लागले.

उद्धवरावांनी कार्ड त्या पाठीवर ठेवलं. पेन टेकवलं, उचललं. 'होय' लिहायला हात वळला होता. पण तो शब्द त्यांना एकदम परक्याच्या घरचा वाटला. या माणसाला तो कधी दिला नव्हता, त्याने डब्यातली चटणी मागितली तेव्हाही नाही. मग त्यांनी लिहिलं, आणि पुढे स्वल्पविराम, दिलगिरी, आपला स्नेहांकित, काहीही न लिहिता पेन बंद केलं. चंद्रप्रभाबाईंनी खांद्यावरून वाचलं आणि आपल्याकडून अठराव्यापुढे एकोणिसावी जिन्नस म्हणून बोरं घ्यायला त्या बाजाराकडे चालू लागल्या.

"दोनच अक्षरं," वीरण्णा वाकलेलेच म्हणाले. "पाठीला कळलं. पन हाव बी दोनच अन् न्हाई बी दोनच. काय लिव्हलंस?"

"ते पत्रात आहे," उद्धवराव त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाले.

ज्या शब्दाखाली बत्तीस वर्षं पोरांच्या वह्यांतून त्यांनी लाल रेघ ओढली होती, तोच शब्द कार्डाच्या मधोमध एकटा बसला होता : हाव. उद्धवरावांनी तो एकदा पाहिला, लाल पेन खिशातच राहू दिलं आणि कार्ड पेटीत सोडलं.